डॉक्टरांची गुणपत्रिका

आमच्या गावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फीचा बोर्ड नव्हता. कोकणातलं गाव, सत्तरच्या दशकाची अखेर. कंपाउंडर बाटलीत लाल औषध भरायचा आणि बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी डकवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. पैसे असतील तर द्यायचे, नसतील तर वहीत मांडले जायचे, आणि वहीतले बरेचसे आंब्याच्या दिवसांत एका पेटीवर मिटायचे. डॉक्टर नाडीवर बोटं ठेवून घरातल्या सगळ्यांची नावानिशी चौकशी करत. पुढे माझी पहिली कविता छापून आली तेव्हा ती त्यांनी दवाखान्यात बसून अब्बांना वाचून दाखवली होती. अब्बा वीस वर्षं त्यांच्याकडून मधुमेहाच्या गोळ्या घेत होते. या वीस वर्षांत डॉक्टरांनी अब्बांना एकदाही चपला काढायला सांगितलं नाही. १९९४ साली अंगठ्याची जखम चिघळली, मिरजेला नेलं, आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

डॉक्टर वाईट नव्हते. आम्ही त्यांना कधी दोष दिला नाही आणि आजही देत नाही. मधुमेह्याचे पाय नियमित तपासा असं त्यांना कोणी बजावलं नव्हतं. तपासले नाहीत म्हणून कोणी जाब विचारणार नव्हतं, आणि तपासले असते तरी त्याचे चार पैसे जास्त मिळणार नव्हते. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. चांगल्या उपचाराचे वेगळे पैसे दिले, तर डॉक्टर चांगले उपचार करतात का? कवीला हा प्रश्न शोभत नाही असं माझे मित्र म्हणतात. पण एका देशाने हा प्रयोग खरोखर करून पाहिला, तोही गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांवर, आणि त्याची कच्ची-पक्की हकीकत माझ्यापर्यंत घरबसल्या पोहोचत राहिली.

ती अशी. माझा मामेभाऊ मुंबईत डॉक्टर झाला, नव्वदच्या दशकात इंग्लंडला गेला आणि लँकेशायरमधल्या एका जुन्या गिरणगावात जीपी झाला. जीपी म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर, आपला फॅमिली डॉक्टर. २००४ च्या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. म्हणाला, "भाई, इतकी वर्षं घासून परीक्षा संपली असं वाटलं होतं. पुन्हा आली. १०५० मार्कांची आहे."

आधी पैशाची बाजू सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डॉक्टरला पैसे द्यायचे मुख्य मार्ग तीन. दर खेपेला फी द्या, दरमहा पगार द्या, किंवा डोक्यामागे वर्षाची ठरावीक रक्कम द्या. फी दिली की खेपा वाढतात. सुई टोचल्याशिवाय ताप उतरत नाही ही आपल्याकडची समजूत एकट्या पेशंटने तयार केलेली नाही. पगार दिला की खेपा वाढवायचं कारण उरत नाही, तसंच रांग लवकर संपवायचंही उरत नाही. आणि डोक्यामागे पैसे दिले की डॉक्टरला यादी लांब हवी असते, पण यादीतली माणसं फार वेळा दारात यायला नको असतात. बर्नार्ड शॉने 'द डॉक्टर्स डिलेमा' या नाटकाच्या प्रस्तावनेत यातल्या पहिल्या प्रकाराची शंभराहून अधिक वर्षांपूर्वी यथेच्छ टर उडवली होती. आपल्याकडे तर याला आणखी एक चोरवाट आहे. पेशंट पुढे धाडल्याबद्दल मिळणारा 'कट' वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी निषिद्ध ठरवला, तरी तो शब्द समजावून सांगावा लागेल असा माणूस महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल.

ब्रिटनने तिसरा मार्ग धरला. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानुसार जानेवारी १९१३ पासून कामगारांची नावं डॉक्टरांच्या यादीत लागली आणि डॉक्टरला डोक्यामागे पैसे मिळू लागले. ५ जुलै १९४८ ला नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली तेव्हा हीच रीत साऱ्या जनतेला लागू झाली. एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. तिथला जीपी एरवी सरकारी नोकर नसतो. दवाखाना त्याचा, माणसं त्याची, सरकारशी त्याचा करार. पेशंट मात्र तपासणीचा एक पेनीही देत नाही. १९९० च्या करारात सरकारने पहिल्यांदा लक्ष्यं घातली. यादीतल्या ९० टक्के बालकांना लस टोचली तर वरची रक्कम, ७० टक्क्यांना टोचली तर खालची, त्याहून कमी तर काही नाही. या मार्गाची चव तेव्हा लागली म्हणायची.

मग १ एप्रिल २००४ ला आलं ते 'क्वालिटी अँड आउटकम्स फ्रेमवर्क'. डॉक्टर मंडळी त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार 'क्वॉफ' असा करतात. १४६ निकष, त्यांचे १०५० गुण. त्यातले ५५० गुण हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, दमा अशा दहा दीर्घ आजारांच्या देखभालीला. बाकीचे दवाखान्याची व्यवस्था, नोंदी, पेशंटचा अनुभव यांना. पेशंटला दहा मिनिटांहून कमी वेळ देऊ नये, यालाही गुण होते. उदाहरण द्यायचं तर रक्तदाबाचं देतो. यादीतल्या रक्तदाबाच्या ७० टक्के रुग्णांचा दाब १५०/९० किंवा त्याखाली आणला की त्या एकाच निकषाचे ५६ गुण. सरासरी आकाराच्या दवाखान्याला पहिल्या वर्षी एका गुणामागे सुमारे ७५ पौंड मिळाले, दुसऱ्या वर्षी सुमारे १२५. म्हणजे पैकीच्या पैकी गुण मिळाले तर सव्वा लाख पौंडांच्या वर. जीपीच्या उत्पन्नाचा जवळपास पाव हिस्सा या गुणपत्रिकेवर अवलंबून राहिला. इतक्या मोठ्या प्रमाणात हा प्रयोग तोवर जगात कोणी केला नव्हता.

मामेभाऊ सांगत होता की पहिले सहा महिने दवाखान्यात नुसती उलथापालथ. आपल्या यादीत मधुमेही नेमके किती, हे त्याला तोवर धड ठाऊक नव्हतं. आता प्रत्येक आजाराची नोंदवही हवी, तीही कॉम्प्युटरवर. एक जादा नर्स ठेवली. जे येत नाहीत त्यांना पत्रं जाऊ लागली, एक, दोन, तीन. मधुमेह्यांची यादी वाचून दाखवताना तो म्हणाला, "साखर, रक्तदाब, डोळ्यांचा पडदा, पायातल्या नाड्या, पायाचा बधिरपणा..." मी फोनवर गप्प झालो. तोही पुढे बोलला नाही. आमच्या घरातला पाय त्यालाही माहीत होता.

वर्षअखेर निकाल लागला. सरकारचा अंदाज होता की दवाखाने सरासरी ७५ टक्के गुण मिळवतील. मिळाले ९१ टक्के. जीपीचं ढोबळ उत्पन्न सरासरी २३,००० पौंडांनी वाढलं आणि सरकारी हिशेब कोलमडला. ज्याने वर्गात आधी चाचणी घेतली नाही, त्या मास्तरांसारखी सरकारची गत झाली. पोरं मुळातच किती हुशार होती हे तपासलंच नव्हतं. त्यांतलं बरंच काम डॉक्टर आधीपासून करत होते. आता ते लिहून ठेवू लागले.

शिवाय पेपरात पर्यायी प्रश्नही होते. तीनदा बोलावूनही न आलेला, किंवा ज्याला ते औषध सोसणार नाही असा रुग्ण हिशेबातून वगळण्याची मुभा होती. मुभा योग्यच होती. नाहीतर नव्वदीच्या आजीचा रक्तदाब गुणांसाठी नको इतका खाली आणला गेला असता. फसवाफसवीचा बोभाटाही पुष्कळ झाला, पण प्रत्यक्षात सर्वसाधारण दवाखान्याने सहाएक टक्के रुग्ण वगळले, आणि १५ टक्क्यांहून अधिक वगळणारे दवाखाने एक टक्क्याच्या आसपास निघाले. मला हा आकडा डॉक्टरांच्या बाजूचा वाटतो.

त्यांच्या बाजूची याहून मोठी एक गोष्ट आहे आणि ती सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. वेल्समध्ये ग्लिनकोरग नावाचं खाणकामगारांचं खेडं आहे. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर १९६१ पासून तिथे जीपी होते. १९७१ साली त्यांनी 'लॅन्सेट' मध्ये एक लेख लिहिला आणि त्यात एक नियम मांडला. जिथे आजार जास्त तिथे चांगले उपचार कमी, आणि बाजाराला जितकं मोकळं रान तितकी ही उफराटी तऱ्हा अधिक. अशा गरीब वस्त्यांत इंग्रज डॉक्टर जायला राजी नसत. वेल्समधल्या खाणींच्या गावांत आणि लँकेशायरच्या गिरणगावांत जे गेले, त्यांत आपल्या उपखंडातले डॉक्टर मोठ्या संख्येने होते. १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या साधारण सहा जीपींमागे एक आपल्याकडे जन्मलेला होता. कित्येक एकटेच दवाखाना चालवत आणि त्यांच्या दर्जाविषयी कुजबुज होई. तर या गुणांच्या परीक्षेत पहिल्या वर्षी श्रीमंत आणि गरीब वस्त्यांतल्या दवाखान्यांमध्ये चार टक्क्यांचं अंतर होतं. तिसऱ्या वर्षी ते एक टक्क्याच्याही आत आलं. सगळ्या योजनेचं मला सर्वांत मोठं श्रेय वाटतं ते हे. कितीतरी गरीब माणसांचे पाय, कितीतरी गिरणीकामगारांचे डोळे कोणीतरी प्रथमच पाहिले असतील.

आता दुसरी बाजू. संशोधकांनी या योजनेची जितकी उलटसुलट तपासणी केली तितकी क्वचितच कशाची झाली असेल. त्यांनी दवाखान्यांतले रक्तदाबाचे आकडे काढून पाहिले. मर्यादा १५० ची होती, आणि योजना आल्यावर १५० च्या अगदी खालचे, १४८-१४९ असे आकडे अचानक वाढलेले दिसले. यात कोणी चोरीच केली असं नाही. १५१ आला तर डॉक्टर पुन्हा मोजतो, १४९ आला तर थांबतो. एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी बारा वर्षांचं पोर आणखी वर्षभर बारा वर्षांचंच राहतं, तसं. साडेचार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात तर या पैशाने रक्तदाबाच्या उपचारात फरक पडल्याचं आढळलंच नाही. सुधारणा आधीपासून चालू होती, ती तशीच चालू राहिली. २०१६ साली ब्रिटनची तुलना इतर श्रीमंत देशांशी करून पाहिली, तेव्हा या आजारांनी होणारे मृत्यू योजनेमुळे ठळकपणे घटले असंही दिसलं नाही. दमा आणि मधुमेह यांची देखभाल सुरुवातीला वेगाने सुधारली, २००७ पर्यंत वेग मंदावला. आणि ज्या कामांना गुण नव्हते, ती दमा आणि हृदयविकाराच्या रुग्णांत मागे पडू लागली.

याच पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली. पेशंटला आपलाच नेहमीचा डॉक्टर भेटण्याचं प्रमाण योजना येताच खाली आलं आणि खालीच राहिलं. रक्तदाबाला एक नर्स, दम्याला दुसरी, तातडीच्या कामाला त्या दिवशी जो डॉक्टर असेल तो. काम वाटलं गेलं, कारण गुण वाटले गेले होते. आपला माणूस ओळखण्याला १०५० पैकी एकही गुण नव्हता. ही निव्वळ हळवेपणाची गोष्ट आहे असं कोणाला वाटेल. नॉर्वेतल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास आला. ज्यांचा डॉक्टर १५ वर्षांहून अधिक काळ एकच होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण वर्षभराचीच ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं. ओळखीमुळेच ते कमी झालं असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही, हे खरं. तरी आमचे गावचे डॉक्टर मला या आकड्यातून हसताना दिसतात. अब्बांचा पाय त्यांनी पाहिला नाही. पण १९८७ मध्ये अम्मी दवाखान्यात नुसती गप्प बसून राहिली, तेव्हा हिला काहीतरी झालंय हे त्यांनी ओळखलं होतं, आणि त्यांचं खरं निघालं होतं.

लक्ष्य ठरवलं की त्याच्या कडेने काय काय वाहून जातं याची एक गंमत सांगतो. या गुणांच्या जोडीला सरकारने आणखी एक लक्ष्य दिलं होतं. पेशंटला ४८ तासांच्या आत डॉक्टर भेटला पाहिजे. उत्तम. मग काही दवाखान्यांनी काय केलं, तर ४८ तासांच्या पलीकडची वेळ देणंच बंद केलं! २००५ च्या एप्रिलमध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, टोनी ब्लेअर टीव्हीवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. एक बाई उठली. डॉक्टर म्हणतात आठवड्याने मुलाला आणा, आणि दवाखाना म्हणतो इतक्या आधी वेळ मिळत नाही, अशी तिची तक्रार. पंतप्रधानांना हे ठाऊकच नव्हतं.

एका बाबतीत मात्र माझाच अंदाज चुकला, तोही सांगायला हवा. २००६ पासून नैराश्याच्या रुग्णांना ठरावीक प्रश्नावली देण्याला गुण मिळू लागले. त्यातली एक प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. झोप लागते का, कशात मन रमतं का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन. बेरीज जास्तीत जास्त २७. दुःखाला सत्तावीसपैकी गुण! मी मामेभावाला फोनवर भरपूर ऐकवलं. त्यालाही ते पटत नव्हतं, आणि तिथल्या बहुतेक डॉक्टरांना ते यांत्रिक वाटत होतं. पण संशोधकांनी जेव्हा पेशंटना विचारलं, तेव्हा पुष्कळांनी सांगितलं की त्यांना बरं वाटलं. आपलं दुखणं डॉक्टरने कागदावर घेतलं, म्हणजे ते खरं धरलं, असं त्यांना वाटलं. त्यानंतर मी त्या प्रश्नावलीची चेष्टा करणं सोडलं. २०१३ मध्ये तो निकष काढून टाकला गेला.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र हद्द झाली. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण हुडकले जात नाहीत म्हणून प्रत्येक नव्या निदानामागे जीपीला ५५ पौंड जाहीर झाले. लोक खवळले. माझ्या विस्मरणाचे डॉक्टरला पैसे मिळणार असतील, तर त्याने केलेल्या निदानावर मी विश्वास कसा ठेवू? पुढच्या मार्चअखेर ती योजना गुंडाळली. खरं तर ५५ पौंड म्हणजे गुणांच्या पैशापुढे किरकोळ. पण ते एका माणसाच्या, एका निदानाच्या नावावर पडत होते, म्हणून पेशंटला दिसले. बाकीचा पैसा टक्केवारीच्या आड होता.

स्कॉटलंडने २०१६ मध्ये ही गुणपद्धत बंद केली. इंग्लंडने ती ठेवली, पण छाटत छाटत. २०२५ मध्येही एकदम ३२ निकष काढून टाकले. पैसे काढून घेतले की काय होतं, हेही तिथे मोजून झालं आहे. २०१४ मध्ये जे निकष काढले त्यांतल्या १२ निकषांवरची नोंदवलेली सेवा लगेच घसरली. सगळ्यात जास्त घसरल्या त्या पेशंटला सल्ला दिल्याच्या नोंदी. आता सल्ला देणं थांबलं, की सल्ला दिल्याची खूण करणं थांबलं, की मुळात खूणच होती आणि सल्ला नव्हता, हे कोण सांगणार?

ट्यूडर हार्ट यांचं राहिलं. या माणसाने १९६८ पासून आपल्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजला. जे आले नाहीत त्यांचा पिच्छा पुरवला. तेव्हा ना गुण होते ना निकष. संशोधन परिषदेची मदत त्यांना होती, हे सांगितलं पाहिजे. एकट्याच्या खिशातून हे होत नाही. पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब त्यांनी १९९१ मध्ये छापला, तेव्हा शेजारच्या, असं काम न झालेल्या गावापेक्षा ग्लिनकोरगमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं. २००४ च्या गुणपत्रिकेने डॉक्टरांकडून जे करून घेतलं, त्यातलं बरंचसं हा माणूस छत्तीस वर्षं आधी करत होता. आणि तो त्याच गावात राहत होता, त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासत होता. यादी आणि ओळख या दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरपाशी असू शकतात, याचा मला ठाऊक असलेला हा सगळ्यात भक्कम पुरावा. असे डॉक्टर पैशाने तयार करता येतात का, ते त्या १०५० गुणांतून कळलं नाही.

मामेभाऊ मागच्या वर्षी गावी आला होता. आता तो निवृत्तीला टेकला आहे. ओटीवर बसल्या बसल्या त्याने एक जुनी आठवण सांगितली. एक म्हातारा दवाखान्यात आला, बायको जाऊन तीन आठवडे झालेले. तो बोलत होता आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात चौकट लुकलुकत होती : धूम्रपानाची नोंद बाकी. मार्चचा शेवटचा आठवडा होता, वर्ष संपत होतं. "मी त्याला मध्येच विचारलं, सिगारेट ओढता का? तो नाही म्हणाला. मी खूण केली. मग तो पुढे काही बोललाच नाही. उठून गेला."

थोडा वेळ आम्ही दोघं गप्प होतो. मग त्याने बॅगेतून नायलॉनचा एक बारीक दोरा लावलेली काडी काढली आणि म्हणाला, "भाई, चपला काढा." गेली आठ वर्षं मलाही मधुमेह आहे. मी डोळे मिटले. तो तळव्यावर एकेक जागी दोरा टेकवत होता आणि विचारत होता, "लागतंय? आणि इथे?" अंगठ्याशी आल्यावर मला जरा उशिरा कळलं. त्याने तिथे पुन्हा टेकवला.

"याचे किती मार्क होते तुमच्याकडे?" मी डोळे न उघडता विचारलं.

"तीन," तो म्हणाला. "हलू नका."